काडी दिसते, पण फोन लागत नाही: मिरकरवाड्याच्या जेट्टीवरून समजून घेऊया रेडिओ लहरींची वाटणी

पहाटे मिरकरवाडा जेट्टीवर गेलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. बोटी भरपूर आणि धक्क्याची लांबी ठरलेली. एक बोट मासळी उतरवते, तोवर मागची थांबते. कधी दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून लागतात आणि क्रेट एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर घेत धक्क्यावर आणले जातात. उशीर झाला की बर्फ वितळतो, लिलावात भाव पडतो. म्हणून आधी कोण लागणार, किती वेळ थांबणार, हे रोज ठरवावं लागतं.

अशाच एका सकाळी ओळखीच्या एका तांडेलांनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटर इंजिनीअर ना? मग सांग, बाहेर समुद्रात टॉवरची काडी दिसते, तरी फोन का लागत नाही?" मी तेव्हा "रेंज वीक असेल" असं ठोकून दिलं. उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. पूर्ण उत्तर धक्क्यावरच्या त्या रांगेसारखं आहे. हवेतली जागाही ठरलेली असते, मागणारे भरपूर असतात आणि ती कुणाला, किती, केव्हा द्यायची हे कुणीतरी ठरवत असतं. याला 'रेडिओ रिसोर्स ॲलोकेशन' म्हणतात. आज तेच नीट समजून घेऊया.

थोडक्यात

- रेडिओ रिसोर्स म्हणजे फ्रिक्वेन्सी, वेळ, पॉवर आणि जागा या चार गोष्टी.
- वाटणी दोन पातळ्यांवर होते. सरकार वर्षानुवर्षांसाठी पट्टे वाटतं आणि टॉवर दर मिलिसेकंदाला तुकडे वाटतो.
- समुद्रात टॉवरसारखा मालक नसतो. तिथे व्हीएचएफ, एआयएस आणि उपग्रह यांचे वाटणीचे नियम वेगळे आहेत.
- 'कार्यक्षम वाटणी' याचं एकच उत्तर नसतं. आपण काय मोजतो त्यावर ते बदलतं.

रेडिओ रिसोर्स म्हणजे नेमकं काय?

मोबाइल, वॉकीटॉकी, टीव्ही, रडार हे सगळे एकाच हवेत बोलतात. दोघे एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच भागात बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही. हे टाळायला चार गोष्टी हाताशी असतात.

फ्रिक्वेन्सी: वेगवेगळ्यांना वेगवेगळे चॅनेल द्यायचे. जेट्टीवर प्रत्येक बोटीला वेगळी जागा दिल्यासारखं.

वेळ: चॅनेल एकच, पण पाळीपाळीने. जागा एकच, बोटी एकामागून एक.

पॉवर: जेवढं गरजेचं तेवढ्याच जोरात बोलायचं, म्हणजे लांबच्या दुसऱ्या कुणाला त्रास होत नाही.

जागा: पुरेशा अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरायची. रत्नागिरीत वापरलेली फ्रिक्वेन्सी सोलापुरात पुन्हा वापरता येते, कारण सिग्नल तिथवर पोचतच नाही.

एका चॅनेलमधून किती डेटा जाऊ शकतो याचीही मर्यादा आहे. क्लॉड शॅननने ती १९४८ मध्ये गणिताने मांडली. चॅनेलची रुंदी जितकी जास्त आणि सिग्नल गोंगाटापेक्षा जितका वरचढ, तितका डेटा जास्त. सिग्नल गोंगाटाच्या १०० पट असेल तर प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला साधारण ६.६ बिट जातात. सिग्नल आणि गोंगाट सारखेच असतील तर १ बिट. सिग्नल गोंगाटाच्या दहावा हिस्सा उरला तर जेमतेम ०.१४ बिट. हे आकडे लक्षात ठेवा. एकच तुकडा जवळच्या फोनला दिला तर त्यातून भरपूर काम होतं आणि लांबच्या बोटीला दिला तर फार थोडं. पुढची सगळी ओढाताण इथूनच सुरू होते.

पहिली पातळी: सरकारची वाटणी

कोणता पट्टा कशासाठी, हे देशादेशांमध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना म्हणजे आयटीयू ठरवते. बोटींवरच्या व्हीएचएफ सेटचा पट्टा साधारण १५६ ते १६२ मेगाहर्ट्झचा. तो जगभर सारखा असल्यामुळे मिरकरवाड्याच्या बोटीचा सेट आणि बाहेरून जाणाऱ्या परदेशी मालवाहू जहाजाचा सेट एकमेकांशी बोलू शकतात.

देशात ही संपत्ती कुणाची? १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने २जीचे १२२ परवाने रद्द केले आणि त्यानंतर मोबाइलचा स्पेक्ट्रम लिलावानेच दिला जाऊ लागला. परवाना साधारण २० वर्षांचा असतो. देशाचे २२ दूरसंचार सर्कल आहेत. रत्नागिरी जिल्हा 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये येतो, त्यातच गोवाही आहे आणि मुंबईचं सर्कल वेगळं आहे.

लिलाव झाला म्हणजे वाटणी कार्यक्षम झाली असं मात्र नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचंच बघा. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, म्हणून गावं, डोंगर आणि किनारा यांच्यासाठी हा पट्टा चांगला. पण २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत किंमत जास्त असल्यामुळे तो कुणीच घेतला नाही. शेवटी २०२२ च्या लिलावात जिओने सगळ्या २२ सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ घेतला. तोवरची वर्षं तो पट्टा मोबाइल ग्राहकांच्या कामी आला नाही. धक्का रिकामा आणि बोटी बाहेर उभ्या, असा प्रकार.

उलट ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा रुंद आहे, डेटा भरपूर जातो, पण पल्ला कमी. म्हणून शहरात ५जी जोरात चालतं आणि जेट्टी सोडून बाहेर पडलं की फोन गुपचूप खालच्या फ्रिक्वेन्सीच्या ४जीवर येतो.

दुसरी पातळी: टॉवरमधला मुकादम

कंपनीला पट्टा मिळाला. आता तो शेकडो फोनमध्ये कोण वाटतं? टॉवरच्या यंत्रणेतलं एक सॉफ्टवेअर. त्याला 'शेड्युलर' म्हणतात. धक्क्यावर कुठली बोट कधी लागेल हे सांगणारा मुकादम समजा, फक्त हा सेकंदाला हजार वेळा निर्णय घेतो.

४जीमध्ये वाटणीचा तुकडा म्हणजे 'रिसोर्स ब्लॉक': १८० किलोहर्ट्झ रुंद आणि अर्धा मिलिसेकंद लांब. १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये असे ५० ब्लॉक शेजारी-शेजारी बसतात, २० मेगाहर्ट्झमध्ये १००. दर मिलिसेकंदाला शेड्युलर ठरवतो की यातले कुठले ब्लॉक कुणाचे.

निर्णय घ्यायला त्याला माहिती लागते. तुमचा फोन टॉवरला सतत कळवत असतो की सिग्नल किती चांगला येतोय. हा ० ते १५ मधला एक आकडा असतो, त्याला सीक्यूआय म्हणतात. आकडा मोठा असेल तर टॉवर एकेका ठोक्यात ६ किंवा ८ बिट भरतो. आकडा लहान असेल तर २ बिट, तेही चुका दुरुस्त करायला जादा बिट जोडून.

आता खरा प्रश्न. समजा टॉवरखाली दोनच फोन आहेत. एक जेट्टीवर चहा पीत व्हिडिओ बघणारा. सगळे ब्लॉक त्याला दिले तर त्याला २० एमबीपीएस मिळतात. दुसरा लांब बोटीवर. सगळे ब्लॉक त्याला दिले तरी १ एमबीपीएसच मिळतो. वाटणी कशी कराल?

पर्याय १, सगळ्यात जास्त माल: सगळे ब्लॉक जेट्टीवरच्या फोनला. एकूण २० एमबीपीएस, बोटीला शून्य.

पर्याय २, सगळ्यांना सारखाच वेग: बोटीला जवळजवळ सगळा वेळ द्यावा लागतो. दोघांना साधारण ०.९५ एमबीपीएस मिळतो, एकूण १.९. जेट्टीवरचा वैतागणार.

पर्याय ३, सगळ्यांना सारखा वेळ: जेट्टीवर १० एमबीपीएस, बोटीला अर्धा. एकूण १०.५.

पहिल्या पर्यायात बेरीज सगळ्यात मोठी आहे. फक्त 'एकूण डेटा' मोजला तर हीच सर्वांत कार्यक्षम वाटणी. पण बोटीवरच्या माणसाचा फोन कायमचा बंद. म्हणूनच 'कार्यक्षम' हा शब्द आला की आधी विचारायचं, मोजताय काय?

लाटेच्या माथ्यावर पाळी

प्रत्यक्षात बहुतेक नेटवर्कमध्ये 'प्रपोर्शनल फेअर' नावाची पद्धत किंवा तिचा एखादा अवतार वापरतात. कल्पना साधी आहे. प्रत्येक फोनसाठी एक भागाकार करायचा: आत्ता मिळू शकणारा वेग भागिले आजवर मिळालेला सरासरी वेग. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी.

बोट हलत असते. टॉवरकडून थेट आलेली लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर कधी एकमेकींना मदत करतात, कधी मारतात. त्यामुळे बोटीवरचा वेग स्थिर नसतो. समजा तो ०.५ ते १.५ एमबीपीएसमध्ये वरखाली होतोय आणि आजवरची सरासरी ०.५ आहे. एखाद्या क्षणी तो १.५ वर गेला की भागाकार ३. जेट्टीवरच्या फोनचा आत्ताचा वेग २०, सरासरी १०, भागाकार २. म्हणजे या मिलिसेकंदाला पाळी बोटीची! पुढच्या क्षणी बोटीचा वेग ०.५ वर आला, भागाकार १ झाला, की ब्लॉक पुन्हा जेट्टीकडे.

गंमत बघा. बोटीला कुणी दया म्हणून काही दिलं नाही. तिची परिस्थिती तिच्या मानाने चांगली असताना तिला पाळी दिली. त्यामुळे तोच ब्लॉक जास्त डेटा वाहून नेतो आणि लांबचा माणूस उपाशीही राहत नाही. एका साध्या भागाकाराने बेरीज आणि न्याय यांची बऱ्यापैकी सांगड घातली आहे.

शिवाय सगळा डेटा एका तोलाचा नसतो. कॉलमधला आवाज उशिरा पोचला तर निरुपयोगी. व्हिडिओ दोन सेकंद आधीच भरून ठेवता येतो. म्हणून ४जीवरच्या कॉलला, म्हणजे व्होल्टीला, वेगळा आणि वरचा प्राधान्यक्रम असतो. बोलताना दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचं छोटं पाकीट निघतं, त्यामुळे शेड्युलर त्यासाठी ठरावीक अंतराने जागा आधीच राखून ठेवू शकतो. प्रत्येक वेळी विचारपूस करण्यात जाणारा वेळ वाचतो.

मग काडी दिसूनही फोन का लागत नाही?

आता तांडेलांच्या प्रश्नाकडे येऊ. याची मुख्य कारणं तीन.

पहिलं कारण: काडी एकाच बाजूची गोष्ट सांगते. स्क्रीनवरची काडी म्हणजे 'टॉवर मला किती ऐकू येतोय'. 'मी टॉवरला ऐकू जातोय का' हे त्यात कळत नाही. टॉवरची पॉवर साधारण २० ते ४० वॅट असते, तुमच्या फोनची जास्तीत जास्त ०.२ वॅट. टॉवर डोंगरावरून भोंग्यावर ओरडतोय आणि तुम्ही बोटीवरून हळू आवाजात उत्तर देताय.

इथेही वाटणीने थोडी मदत होते. फोनची २०० मिलिवॅट पॉवर ५० ब्लॉकवर पसरली तर प्रत्येकाला ४ मिलिवॅट येते. तीच दोन ब्लॉकवर एकवटली तर प्रत्येकाला १०० मिलिवॅट, म्हणजे २५ पट. म्हणून हुशार शेड्युलर लांबच्या फोनला पाठवण्यासाठी मुद्दाम थोडेच ब्लॉक देतो. वेग कमी होतो पण आवाज पोचतो. लांबवर व्हॉट्सॲपचा मजकूर जातो आणि फोटो गोल गोल फिरत राहतो, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण: वेळेचं गणित. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, तरीही अंतर वाढलं की मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. नेटवर्कला पहिल्यांदा हाक मारताना फोन एक छोटा संकेत पाठवतो. तो उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसू नये म्हणून मागे थोडा वेळ मोकळा ठेवलेला असतो. ४जीच्या नेहमीच्या रचनेत हा मोकळा वेळ सुमारे ९७ मायक्रोसेकंद आहे. लहर तेवढ्यात जाऊन-येऊन साधारण १४.५ किलोमीटर कापते, म्हणजे पावणेआठ सागरी मैल. त्यापलीकडून टॉवर छान दिसेल, काडीही येईल, पण फोनची हाक मोजणीतच धरली जाणार नाही.

यावर उपाय आहे. ४जीच्या मानकातच सुमारे २९, ७७ आणि १०० किलोमीटरपर्यंतच्या हाकेच्या रचना आहेत. पण त्यांना १ ऐवजी २ किंवा ३ मिलिसेकंद राखून ठेवावे लागतात. तेवढा वेळ त्या ब्लॉकमध्ये कुणाचाच डेटा पाठवता येत नाही. म्हणजे पल्ला वाढवायचा तर जवळच्यांच्या वाट्यातून थोडं काढावं लागतं.

जुन्या २जीमध्येही हाच मामला होता. तिथली हद्द साधारण ३५ किलोमीटर. किनाऱ्यासाठी ती वाढवण्याची सोय होती, पण त्यासाठी एका कॉलला एकाऐवजी दोन टाइमस्लॉट द्यावे लागत. पल्ला वाढला, कॉलची संख्या निम्मी झाली. हवेत फुकट काहीच मिळत नाही.

तिसरं कारण: पाण्यावर सगळेच टॉवर दिसतात. शहरात इमारती आणि टेकड्या सिग्नल अडवतात, त्यामुळे शेजारचे टॉवर एकमेकांच्या वाटेत कमी येतात. समुद्रात आडकाठी नाही. उत्तरेला जयगडकडचे, दक्षिणेला पावस-पूर्णगडकडचे, मधले रत्नागिरीचे असे बरेच टॉवर एकदम ऐकू येऊ शकतात, पण एकही ठळक नाही. ४जीत सगळे टॉवर तोच पट्टा वापरतात, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्यासाठी गोंगाट ठरतो. काड्या असतात, पण सीक्यूआयचा आकडा तळाला जातो. शेजारचे टॉवर आपसांत ठरवून कडेच्या फोनसाठी वेगवेगळे ब्लॉक राखून ठेवू शकतात. तिथेही तेच: कडेच्यांना द्यायचं तर मधल्यांचं थोडं कमी होतं.

मुकादमच नसेल तर? समुद्रातली वाटणी

टॉवरच्या पल्ल्याबाहेर शेड्युलर नाही. तिथे वाटणी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी चालते.

शिस्तीने वाटणी, व्हीएचएफ चॅनेल १६: १५६.८ मेगाहर्ट्झचा हा चॅनेल संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी. नियम असा की आधी ऐका, मोकळा असेल तर बोला, समोरच्याने उत्तर दिलं की दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर जा. इथे सॉफ्टवेअर नाही, माणसाची शिस्त हाच शेड्युलर. कुणी १६ वर गप्पा मारत बसला किंवा माईकचं बटण दाबलेलं राहिलं, तर आसपासच्या सगळ्या बोटींचा संकटाचा रस्ता बंद होतो. बंदरात जवळच बोलायचं असेल तर २५ ऐवजी १ वॅटवर बोलायचं, तेही याचसाठी.

आपसांत ठरवून वाटणी, एआयएस: मोठी जहाजं आणि अनेक मासेमारी नौका आपलं नाव, जागा, वेग आपोआप जाहीर करत राहतात. २६/११ च्या हल्ल्यातले दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले होते. त्यानंतर २० मीटरपेक्षा लांब नौकांवर एआयएसची सक्ती आली. याची वाटणी बघण्यासारखी आहे. एका मिनिटाचे २,२५० टाइमस्लॉट, प्रत्येक सुमारे २६.७ मिलिसेकंदांचा. चॅनेल दोन, म्हणजे मिनिटाला ४,५०० जागा. घड्याळ सगळ्यांचं जीपीएसवरून जुळलेलं. मोठं जहाज आपला संदेश पाठवतानाच 'पुढच्या वेळी मी अमुक स्लॉट घेणार' असंही सांगतं. बाकीचे ते ऐकतात आणि तो स्लॉट सोडतात. वाटणारा कुणी नाही, तरी वाटणी होते.

गर्दी झाली तर? तेव्हा जहाज मुद्दाम सगळ्यात लांबच्या जहाजाचा स्लॉट घेतं. म्हणजे लांबचं ऐकू येणं बंद होतं, जवळचं शाबूत राहतं. एआयएस टक्कर टाळण्यासाठी आहे आणि टक्कर जवळच्याशीच होते, त्यामुळे हा नियम शहाणपणाचा आहे. मोबाइलचा शेड्युलर मोजतो डेटा आणि एआयएस मोजतं धोका. म्हणून दोघांची वाटणी वेगळी.

लहान बोटींवरचा क्लास बी सेट मात्र बराच नम्र असतो. पॉवर २ वॅट, मोठ्या जहाजांची १२.५. साध्या प्रकारात तो आधी ऐकतो आणि स्लॉट मोकळा वाटला तरच बोलतो. चालत्या बोटीचा संदेश साधारण ३० सेकंदांनी जातो. फार गर्दीत लहान बोटीचा संदेश मागे पडू शकतो. म्हणून एआयएस लावलं की मोठं जहाज आपल्याला बघणारच, असं धरून चालू नका. दिवे आणि पहारा हवाच.

नशिबावर सोडलेली वाटणी, अलोहा: हवाई बेटांना रेडिओने जोडण्यासाठी नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. नियम एवढाच: संदेश आला की पाठवा, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कामी येतो. ठरावीक ठोक्यालाच बोलायचं असा नियम केला तर ३६.८ टक्के. कामगिरी वाईट वाटेल, पण ज्याला क्वचितच बोलायचं आहे त्याच्यासाठी जागा राखून ठेवण्यापेक्षा हेच स्वस्त पडतं.

तुमचा फोनही टॉवरला पहिली हाक अशीच मारतो. एका वेळी ६४ वेगवेगळ्या हाकांपैकी एक निवडतो. दोघांनी तीच निवडली तर दोघेही थोडं थांबून पुन्हा मारतात. पहाटे बऱ्याच बोटी एकाच सुमारास परत रेंजमध्ये आल्या की फोन एकदम हाका मारतात, त्यामुळे पहिला कॉल लागायला कधी दोन-तीन प्रयत्न जातात.

आकाशातून वाटणी

इस्रोने मच्छीमारांसाठी २०१० पासून डॅट नावाचं संकट-संदेश यंत्र दिलं. बटण दाबलं की बोटीची जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलाकडे जाते. जुन्या यंत्रात 'तुमचा संदेश पोचला' असं उत्तर येत नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात तीही सोय झाली. बुडत्या बोटीवरच्या माणसाला 'पोचला' हे कळणं किती महत्त्वाचं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरच्या कार्यक्रमात देशभर १ लाख मासेमारी नौकांवर उपग्रह ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. तंत्रज्ञान इस्रोचं, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. उपग्रहाचा पट्टा अरुंद आणि त्याखाली हजारो बोटी. म्हणून इथे व्हिडिओ नाही, गप्पा नाहीत. छोटे संदेश, हवामानाचा इशारा, संकटाची हाक. प्रत्येकाला थोडंसंच, पण १०० सागरी मैलांवरही. वाटणीचा हाही एक प्रामाणिक प्रकार आहे.

बोटीवर जाताना लक्षात ठेवा

- रेंज कडेची असेल तर कॉलवर कॉल करत बसण्यापेक्षा एसएमएस पाठवा, त्याला फार थोडी जागा लागते. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमन लिपीत १६०. म्हणून मजकूर छोटा ठेवा.
- फोन उंचावर न्या. रेडिओचं क्षितिज उंचीच्या वर्गमुळावर वाढतं. १ मीटर उंचीवरून सुमारे ४ किलोमीटर, ४ मीटरवरून ८, ९ मीटरवरून १२. यात टॉवरच्या उंचीचं क्षितिज वेगळं मिळवायचं.
- दोन बोटींच्या अँटेना पाण्यापासून ४-४ मीटरवर असतील तर व्हीएचएफचा पल्ला साधारण १६ किलोमीटर. वॉट वाढवून क्षितिज वाढत नाही, अँटेना उंच लावून वाढतं.
- आणीबाणीत ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही प्रयत्न करू शकतो. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.
- फोनवर विसंबून राहू नका. १४-१५ किलोमीटरच्या पलीकडे चॅनेल १६ आणि ट्रान्सपाँडर हेच खरे आधार.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*५जी आलं की समुद्रातली रेंज सुधारेल का?*
आपोआप नाही. ५जीचा रुंद पट्टा कमी पल्ल्याचा आहे. ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी लांब जाऊ शकतं, पण त्यासाठी किनाऱ्यावर उंचावर टॉवर आणि लांब पल्ल्याची सेटिंग हवी.

*किनाऱ्यावर टॉवर वाढवले तर प्रश्न सुटेल ना?*
जवळच्या गर्दीचा सुटेल, कारण तेच ब्लॉक जास्त ठिकाणी वापरता येतील. पण समुद्रात एकदम ऐकू येणारे टॉवर वाढले तर गोंगाटही वाढतो. संख्येपेक्षा अँटेनाची दिशा आणि उंची महत्त्वाची.

*मासेमारी बंदीच्या काळात नेट वेगळं का वाटतं?*
१ जून ते ३१ जुलै या बंदीत बोटी किनाऱ्याला असतात. लांबच्या, कमी सीक्यूआयच्या फोनची संख्या घटते, पण जेट्टीजवळची गर्दी वाढते. शेड्युलरला कॅलेंडर कळत नाही. तो फक्त या मिलिसेकंदाची रांग बघतो.

शेवटी

रांग कशी लावायची हे गणित आहे. रांगेत कुणाला धरायचं हे मात्र गणिताच्या आधी ठरतं. एकूण डेटा मोजणारं नेटवर्क जेट्टीवरच्या व्हिडिओला जागा देईल, कारण आकडा तिथेच वाढतो. 'बारा सागरी मैलांवरच्या बोटीचा एक एसएमएस पोचला का' असं मोजणारं नेटवर्क वेगळी सेटिंग निवडेल आणि त्यासाठी जवळच्यांचे दोन-चार ब्लॉक खर्ची घालेल. दोन्ही आपापल्या हिशेबाने कार्यक्षमच.

तांडेलांना नंतर मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे टॉवरला माझी हाक ऐकू येईल अशी सोय आहे, पण ती चालू करायला हवी." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. पुढच्या वेळी काडी दिसून फोन लागला नाही, तर कंपनीकडे तक्रार करताना नुसतं 'रेंज नाही' असं लिहू नका. जागा, किनाऱ्यापासूनचं अंतर, वेळ आणि काड्या किती होत्या, हे चारही लिहा. वाटणी करणाऱ्याला रांगेत तुम्ही दिसायला हवेत, त्याची सुरुवात तिथून होते.